सागाचं जाळीदार पान आणि दोन दिवसांचं वर्कशॉप: माझा सविस्तर अनुभव

भरतकाम, गोधडी, कापडावरचं काहीही हाताने करणाऱ्या आणि "डिझाइन कुठून आणू" या प्रश्नाशी अडलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय. लांबलचक होणार आहे कारण मला वरवरचं "खूप छान, नक्की जा" लिहायचं नाहीये. सप्टेंबरमध्ये मुळशीच्या बाजूला एका छोट्या फार्मवर दोन दिवसांचं वर्कशॉप केलं, झाडापानांपासून रंग, पानांचे छाप आणि त्यावरून भरतकाम. आता चार महिने झालेत, केलेलं कापड वापरून, धुऊन, उन्हात ठेवून बघितलंय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. जागेचं नाव देत नाहीये कारण तक्रारीही लिहिणार आहे आणि त्या मी शिकवणाऱ्या ताईंना आधीच समोरासमोर सांगितल्यात.

आधी माझं थोडं सांगते म्हणजे कुठल्या नजरेने लिहितेय ते कळेल. सहा वर्षं झाली घरूनच गोधड्या आणि भरतकाम करते, वर्षातून दोन-तीन प्रदर्शनांत स्टॉल असतो, उशांच्या खोळी, टेबल रनर, बाळांची दुपटी. सगळ्यावर पानं-फुलंच असतात आणि ती पानं-फुलं यायची फोनमधून. मॉन्स्टेराचं भोकाभोकाचं पान, लॅव्हेंडरच्या काड्या, त्या गोल गोल पानांच्या परदेशी डहाळ्या. लॅव्हेंडर मी जमिनीत उगवलेलं एकदाही बघितलेलं नाही आणि शंभरेक खोळींवर भरलंय. वर्कशॉपच्या आधीच्या दिवाळीतल्या प्रदर्शनात माझ्या ओळीतल्या तीन स्टॉलवर अगदी त्याच काड्या होत्या, तोच जांभळा दोरा, खाली तीच बो बांधलेली. एक बाई माझी खोळ हातात घेऊन म्हणाल्या, "ही पलीकडे पन्नास रुपये स्वस्त आहे." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्यानंतर तीन आठवडे मी भरतकामाची रिंग हातात घेतली नाही, मनच लागेना.

तर त्या अवस्थेत हे वर्कशॉप सापडलं. फी ५,२०० रुपये, त्यात राहणं, जेवण, सामान सगळं. पुण्याच्या चांदणी चौकातून दीड तास लागला, शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता आणि पावसाने चिखल, छोटी गाडी असेल तर जपून.

पहिला दिवस रंगाचा. हा भाग जवळपास सगळीकडच्या नॅचरल डाय वर्कशॉपमध्ये सारखाच असतो पण इथे एक गोष्ट आवडली की ताईंनी रंगापासून सुरुवातच केली नाही, कापड धुण्यापासून केली. मांजरपाट घेतलेला, कोरा, दुकानातून आणलेला, बघायला स्वच्छ. तो धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळला आणि पाणी चहासारखं झालं! सगळे वाकून बघत होते. ती खळ, तेल, कापसाचा नैसर्गिक मेणचटपणा, हे सगळं आत असतं आणि ते निघाल्याशिवाय रंग धागा धरत नाही. मी घरी दोन वेळा झेंडूने रंगवायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा डाग डाग आले होते, आता कळलं का ते. फक्त नळाखाली धुऊन रंगवायला घेतलं होतं मी.

मग हिरडा आणि तुरटी. सुती कापडाला नुसती तुरटी नीट बसत नाही, आधी टॅनिन लागतं, म्हणजे तुरट चवीचं जे असतं ते, आणि हिरड्यात ते भरपूर. रेशीम आणि लोकरीला तुरटी सरळ धरते कारण ते प्राण्यापासून आलेले धागे. प्रमाण त्यांनी वजनावर सांगितलं, कोरडं कापड १०० ग्रॅम असेल तर तुरटी १५ ते २० ग्रॅम, चमच्याचा अंदाज नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरायचा (पण भांडी स्वयंपाकाची वापरायची नाहीत, हे त्यांनी चार वेळा सांगितलं आणि बरोबरच सांगितलं). हिरडा जुन्नर-आंबेगावकडचा होता. तिकडची आदिवासी कुटुंबं बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळं) गोळा करून विकतात हे मी बातम्यांत वाचलेलं, पण तो आयुर्वेदिक औषधात जातो एवढंच डोक्यात होतं. आंध्रातलं कलमकारीचं कापडसुद्धा आधी हिरड्यातच भिजवतात, वर दूध घालतात म्हणजे रंग पसरत नाही. आणि त्यातली काळी रेघ म्हणजे गंजकं लोखंड, गूळ आणि पाणी, काही आठवडे मुरवलेलं. आमच्याकडे तसलीच एक बरणी होती, उघडली तेव्हा वास असा की दोन जणी उठून बाहेर गेल्या. त्या पाण्याचा एक थेंब हिरडा लावलेल्या पिवळट कापडावर टाकला आणि तो डोळ्यांसमोर करडा होत होत काळा झाला. मी हे सहा वेळा करून बघितलं असेल. एवढं साधं आहे, खिळे आणि गूळ, आणि मी काळ्या दोऱ्याची रिळं कुठकुठून मागवते.

रंगांत झेंडू, कांद्याची सालं, डाळिंबाची साल, कात आणि मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळं) होती. कॉसमॉसची केशरी फुलं फार्मच्या बांधावरूनच तोडली. ताईंचा नियम होता की पठारावरचं रानफूल एकही तोडायचं नाही आणि पान आधी जमिनीवर पडलेलं शोधायचं, पण कॉसमॉस मात्र हवा तेवढा तोडा कारण तो बाहेरून आलेला आणि टेकड्यांवर इतका माजलाय की आपल्या गवतफुलांना जागा उरत नाही. कास पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तिथे फुलं तोडायला बंदी आहे हे आपल्याला माहीत असतं, पण गावामागच्या साध्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, तीच फुलं असतात आणि तिथे कुणी पाटी लावलेली नसते. हे मला फार पटलं.

आता पहिल्या दिवसाच्या तक्रारी. बॅच दहा जणांची सांगितलेली आणि होतो चौदा. चुली तीन. दुपारनंतर नुसती घाई, मंजिष्ठाचं भांडं माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्यातला रंग संपत आलेला, माझा तुकडा फिकट गुलाबी आला आणि पहिल्या नंबरच्या मुलीचा विटेसारखा लाल. निळीचं तर झालंच नाही. जाहिरातीत इंडिगो ठळक लिहिलेलं होतं आणि तिथे गेल्यावर कळलं की पावसामुळे आणि थंडाव्यामुळे पिंपातली नीळ तयार झाली नाहीये. निळीचं पिंप जिवंत ठेवावं लागतं, चुना, गूळ किंवा फळं घालून, ऊब लागते, हे मला मान्य आहे, पण मग दोन दिवस आधी मेसेज करायला हवा होता. माझ्यासोबतची एक मुलगी नाशिकहून फक्त निळीसाठी आली होती. तिला कापड पिंपातून हिरवट पिवळं निघून हवेत निळं होताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ती रात्री फारच हिरमुसलेली होती. ताईंनी पुढच्या बॅचला अर्धा दिवस फुकट बोलावलंय तिला, ते चांगलं केलं.

आणि दुसरं म्हणजे नोट्स. बारा पानांच्या नोट्स, सगळ्या इंग्रजीत. साताऱ्याकडच्या एक काकू होत्या, साठीच्या पुढच्या, हात इतका सफाईदार की त्यांचा धावदोरा मशीनसारखा नाही, मशीनपेक्षा बरा, आणि त्या ती पानं घेऊन बसल्या होत्या, एकेक शब्द मला विचारत होत्या. शेवटी मी आणि अजून एकीने रात्री बसून त्यांना प्रमाणं मराठीत लिहून दिली. मुळशीत मराठी बायकांना हिरडा-तुरटी शिकवायची आणि कागद इंग्रजीत द्यायचा हे मला खरंच लागलं. ताई म्हणाल्या करून घेते. बघू.

जेवणाला मात्र नावं ठेवायला जागा नाही. गावातल्या एक मावशी स्वयंपाकाला होत्या, भाकरी, अळूचं फदफदं, झुणका, लसणाची चटणी, रात्री गरम भात आणि कुळथाचं पिठलं. राहायची सोय म्हणजे एका मोठ्या खोलीत गाद्या, बाथरूम दोनच, सकाळी रांग. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या.

खरं वर्कशॉप दुसऱ्या दिवशी सुरू झालं असं मी म्हणेन. सकाळी साडेसहाला चहा पिऊन फोन एका टोपलीत गोळा केले. मला वाटलं फोटो तरी काढू द्या, पण नाही. प्रत्येकीला एक वही, एक पेन्सिल, आणि फार्ममागच्या सागाच्या राईत जाऊन एक पान आणायचं, फक्त एक, खाली पडलेलं, आणि त्याच्याजवळ वीस मिनिटं बसायचं. काढायचं असेल तर पेन्सिल न उचलता काढायचं आणि कागदाकडे बघायचं नाही, पानाकडेच बघायचं.

सप्टेंबरात साग बघितलाय का कधी नीट? शेंड्याला पांढरट फुलोरा असतो, लांबून फेसासारखा, आणि खालची पानं किड्याने खाल्लेली. एक अळी असते, ती पानाचा हिरवा भाग खाते आणि शिरा सोडते, सगळ्या, जाडही आणि अगदी केसाएवढ्या बारीकही. राहते ती नुसती जाळी. हे घाटात प्रत्येकाने बघितलेलं असतं, एसटीच्या खिडकीतून करड्या-तपकिरी झालेले सागाचे डोंगर दिसतात ना, तेच. मी लहानपणी त्या पानांतून सूर्य बघायचे. आणि कोवळं पान तळहातावर चोळून हात लाल करायचो आम्ही, मेंदी म्हणून. हे सगळं मला माहीत होतं पण माझ्या कामाशी त्याचा काही संबंध असू शकतो हे कधी डोक्यातच आलं नाही.

मी उचललेलं पान अर्धं जाळी आणि अर्धं शाबूत होतं. वीस मिनिटं खूप असतात हो. पहिली पाच मिनिटं मी पानाचा आकार काढत होते, म्हणजे बाहेरची कड, कारण मला तेच माहीत, आउटलाइन काढायची आणि आत भरायचं. मग कंटाळा आला. मग हळूहळू आतलं दिसायला लागलं. मधली शीर देठाशी चांगली जाड आणि टोकाकडे जाताना बारीक होत जाते, त्यातून फुटणाऱ्या शिरा कडेपर्यंत जाऊन वर वळतात, त्या दोघींच्या मध्ये आडव्या शिरा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, आणि त्या पायऱ्यांच्या आत अजून बारीक चौकटी, एकही चौकट दुसरीसारखी नाही पण सगळ्या मिळून एकच विणकाम वाटतं. आणि जिथे अळी थांबली होती तिथे एक वेडीवाकडी सीमा, अलीकडे हिरवं, पलीकडे जाळी. मी ती सीमा काढत बसले आणि वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा मला राग आला, अजून हवा होता वेळ.

परत आल्यावर ताईंनी विचारलं, "तुमचं झाड कुठला टाका मागतंय?" आधी कुणालाच कळेना. मग त्यांनी कुरडूचा तुरा समोर ठेवला, गुलाबी-पांढरा. तो तुम्ही सॅटिन स्टिचने सपाट भरला तर नुसता रंगाचा डाग होईल, पण गाठीचा टाका दाट दाट घातला आणि वर जाताना विरळ केला तर तो कुरडू होतो. गवताला लांब सुटे टाके. दगडावरच्या शेवाळाला एकमेकांवर चढलेले आखूड टाके, दिशाच नाही. सागाच्या शिरेला धावदोरा, देठाशी सहा पदरी आणि पुढे एकेक पदर सोडत शेवटी एकच. म्हणजे आधी झाड कसं वाढलंय ते बघायचं आणि मग आपला दोरा त्यातलं काय करू शकतो ते. आकार छापून घ्यायचा आणि रंग भरायचा हे मी इतकी वर्षं करत होते त्याच्या बरोबर उलट.

मग ताईंनी एक कापड उलगडलं आणि तिथे मला भरून आलं. इरकली साडी, कशिद्याची, तिच्यावर तुळशी वृंदावन. माझी आजी गडहिंग्लजची, तिच्याकडे अशीच होती, धारवाडकडून आलेली. कशिदा धागे मोजून करतात, आधी ठसा मारत नाहीत आणि गाठ देत नाहीत, त्यातला गवंती टाका तर पुढून मागून सारखाच दिसतो. एक टाका आहे त्याचं नाव मेंथे. कानडीत मेंथे म्हणजे मेथी! मेथीच्या दाण्यांसारखा दिसतो म्हणून. आणि लखनवी चिकनकारीत मुर्री म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या आकाराचा टाका आणि फंदा म्हणजे बाजरीसारखा बारीक गोल. म्हणजे या बायकांनी चित्रात झाड आणलं ते नंतर, आधी टाक्यातच आणलं, रोज निवडताना पाखडताना जे दाणे बोटाखालून जात होते ते. आजी मला मेथी निवडायला बसवायची आणि तीच साडी नेसलेली असायची, हे दोन्ही एकत्र कधी जोडलंच नव्हतं मी. मी तिथेच रडले थोडी, सांगायला लाज नाही वाटत.

पैठणीचंही तेच त्यांनी दाखवलं, एका जुन्या पदराच्या तुकड्यावर. असावली, म्हणजे पैठणीवरची फुलांची वेल. आपण म्हणतो किती सुंदर वेल आहे, पण भिंगातून बघितलं तर तिला गोल कड नाहीच, पायऱ्या पायऱ्या आहेत, कारण विणकर ताणे मोजून रंगाचा धागा बदलतो आणि शेजारच्या रंगात अडकवतो, त्यामुळेच पैठणीची मागची बाजूही पुढच्यासारखी दिसते. खऱ्या वेलीला पायऱ्या नसतात. पण हातमागाला जे येतं त्यात त्याने वेल बसवली आणि आता ती पायऱ्यांची वेलच पैठणीची ओळख झाली. अजंठ्याच्या चित्रांतलं कमळ पदरावर आलं तेव्हाही तसंच, भिंतीवर ब्रशने वळवलेली पाकळी मागावर आल्यावर टोकदार झाली. नक्कल होत नाही ते बरंच आहे असं मला वाटायला लागलं. माझ्या हाताला गोल नीट येत नाही, माझे टाके जरा तिरके पडतात, मी ते सहा वर्षं उसवून परत घालत आलेय.

दुपारी छाप. पानं लोखंडाच्या पाण्यात बुडवून, पुसून, हिरडा-तुरटी केलेल्या मांजरपाटावर मांडायची, शिरांची बाजू कापडाकडे, मग बांबूवर घट्ट गुंडाळून सुतळीने आवळायचं आणि वाफेवर दोन तास. घट्ट म्हणजे इतकं घट्ट की सुतळीने बोटांना वळ पडले. हवा राहिली की छाप पुसट. साग, एरंड, गुलाबाची पानं हमखास उठतात, बाकी नशीब आणि प्रयोग. उघडताना सगळ्या ओरडत होत्या, एकमेकींचं बघायला धावत होत्या. माझ्या कापडावर साग करडा-जांभळट उठला, देठापासून शेवटच्या चौकटीपर्यंत, आणि जाळीचा अर्धा भाग जवळपास आलाच नाही कारण तिथे पानच नव्हतं, फक्त शिरांच्या पुसट रेघा. मला आधी वाईट वाटलं. मग रात्री घरी आल्यावर ते कापड दिव्याखाली धरलं आणि लक्षात आलं की जिथे छाप नाही तिथे मला दोऱ्याने काम करायचंय. अळी जिथे थांबली तिथून मी सुरू करायचं.

ते कापड आता माझ्या गोधडीचा मधला तुकडा आहे. मांजरपाटाचा, दीड हात बाय एक हात. डावीकडे छाप तसाच ठेवलाय, त्याला सुई लावलेली नाही. उजवीकडे एकपदरी दोऱ्याने जाळी, कांद्याच्या सालीत रंगवलेला दोरा आहे, थोडा पिवळा थोडा विटकरी, एकसारखा रंग बसला नव्हता तेच उपयोगी पडलं. दिवसाला तळहाताएवढंही होत नाही. चौकटी मोजत नाही, वहीतलं ते न बघता काढलेलं चित्र समोर ठेवते आणि घालत जाते. तिरके पडतात टाके, राहू देते. कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लावणार आहे, कर्नाटकातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका त्यांच्या कवंदीला, म्हणजे गोधडीला, लावतात तशी, त्यांच्यात त्या फुलांशिवाय गोधडी पुरी होत नाही.

आता टिकाऊपणाचं, कारण जाहिरातीत "कधीच न फिकटणारे नैसर्गिक रंग" असं होतं आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही. मी सगळ्या रंगांच्या पट्ट्या कापून अर्धी बाजू पुठ्ठ्याने झाकून खिडकीत लावल्या, पश्चिमेच्या. हळद (ही मी घरी केलेली) पहिल्या आठ दिवसांतच उडाली. जास्वंद आणि गोकर्ण तर विचारू नका, गोकर्ण भांड्यात इतका सुंदर निळा आणि लिंबू पिळलं की जांभळा-गुलाबी, पण कापडावर महिनाभरात मळकट राखाडी. कांद्याची साल बरीच फिकटली पण जो रंग उरला तोही गोड आहे. झेंडू थोडा उतरला. डाळिंब, कात आणि हिरडा-लोखंड जवळपास जसेच्या तसे. धुण्याला रिठा वापरला, सहा धुण्यांत फारसा फरक नाही. तेव्हा विकण्यासाठी करणार असाल तर गिऱ्हाईकाला खरं सांगा की सावलीत वाळवा आणि खिडकीत पडदा करू नका. आणि लोखंडाचं पाणी रेशमावर अगदी बेताने, जास्त झालं की धागा कुजतो. मी आजीच्या जुन्या रेशमी ओढणीच्या तुकड्यावर दोनदा बुडवून ठेवलं होतं, तो घडीवर फाटायला लागलाय आणि ते नुकसान भरून येणारं नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

स्टॉलचं सांगायचं तर डिसेंबरच्या प्रदर्शनात मी लॅव्हेंडर नेलंच नाही. नऊ खोळी नेल्या, कुरडू, सागाची शीर, आणि पावसात आमच्या सोसायटीच्या भिंतीवर उगवतो तो नेचा. सहा गेल्या. पूर्वी वीस जायच्या, पण एवढ्या किमतीला नाही. एक आजोबा कुरडूसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडं पावसाळ्यात याची भाजी करत्यात." घेतली त्यांनी ती खोळ.

कुणी जावं, तर ज्यांना आधी थोडंफार सुईकाम येतं त्यांनी, आणि ज्यांना दुसरा दिवस हवाय त्यांनी. फक्त रंग शिकायचे असतील तर ५,२०० जास्त आहेत, पुण्यात एका दिवसाची वर्कशॉप्स त्याच्या निम्म्यात होतात आणि पहिल्या दिवसाच्या घाईपेक्षा तिथे जास्त शिकाल. लहान मुलांना नेऊ नका, वाफ, चूल, चुना सगळं उघड्यावर आहे. पाचपैकी साडेतीन देते, आणि दुसरा दिवस एकटा असता तर पाच दिले असते. मी ताईंना सांगितलंय की दुसरा दिवस आधी घ्या, आधी बघू दे, मग रंगवू दे.

पुढची बॅच फाल्गुनात आहे, पळस फुललेला असतो तेव्हा. पैसे भरलेत मी. साताऱ्याच्या काकूही येतायत, त्यांनी फोनवर विचारलं की नोट्स मराठीत झाल्या का, मी म्हटलं अजून निरोप नाही, तर म्हणाल्या मग आपणच वही घेऊन जाऊ. येणार असाल तर रबरी हातमोजे, जुनी सुती साडी आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा आणा, तिथे डबे पुरत नाहीत.